आधी ठोके मोजा, मग पाना धरा: गिअरवर चालणाऱ्या मॉडेल इंजिनाची दुरुस्ती आणि निगा

माझे वडील सोलापुरात यंत्रमागाच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारे, होते. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. माग बिघडला की मालकापासून विणकरापर्यंत सगळ्यांना घाई असे, आणि अण्णा मात्र मागाला हात न लावता दोन मिनिटं नुसते उभे राहत. धोट्याच्या दर फेकीला ठोका येतोय की एकाआड एक, एवढंच ते ऐकत. साध्या मागात वरचा क्रँक शाफ्ट एका फेकीला एक फेरा घेतो आणि खालचा शाफ्ट दोन फेकींत मिळून एक. ठोका दर फेकीला आला तर दोष वर, एकाआड आला तर खाली. ते म्हणायचे, "आधी ऐक, मग पाना धर."

पुढे मी मॉडेल रेल्वेकडे वळलो, आणि माझं पहिलं शे जातीचं, म्हणजे गिअरने चाकं फिरवणारं, इंजिन लंगडायला लागलं तेव्हा नेमकं हेच विसरलो. आधी मोटर बदलली. पैसे गेले, दोन आठवडे गेले, इंजिन तसंच लंगडत राहिलं. दोष निघाला एका अ‍ॅक्सलवरच्या प्लास्टिकच्या गिअरमध्ये, केसाएवढ्या चिरेत. तेव्हापासून मी अशा प्रत्येक इंजिनाशी एकाच क्रमाने वागतो: ऐकायचं, मोजायचं, भाग एकमेकांपासून सोडवायचे, आणि उघडायचं सगळ्यात शेवटी. तो क्रम इथे सविस्तर लिहितो आहे.

ही इंजिनं वेगळी का वागतात

नेहमीच्या वाफेच्या इंजिनात सिलिंडरचा जोर लांब दांड्यांनी मोठ्या चाकांना पोचतो. अमेरिकेत लाकूडतोडीच्या मार्गांवर चढ उभे, वळणं आखूड आणि रूळ कसेबसे अंथरलेले असत. तिथे असं इंजिन टिकत नसे. मिशिगनमधल्या एफ्रेम शे यांनी यावर काढलेल्या तोडग्याचं पेटंट १८८१ मध्ये घेतलं. ओहायोतल्या लिमा इथल्या कारखान्यात १९४५ पर्यंत सुमारे २,७७० शे इंजिनं बनली. उजव्या अंगाला उभे सिलिंडर, त्यांच्या खालून इंजिनाच्या लांबीभर गेलेला शाफ्ट, आणि शाफ्टवरच्या पिनियननी, म्हणजे लहान गिअरनी, फिरणारे, चाकांच्या बाहेरच्या तोंडावर बसवलेले बेव्हल, म्हणजे फिरणं काटकोनात वळवणारे, गिअर. तोल राहावा म्हणून बॉयलर डावीकडे सरकवलेला. क्लायमॅक्स आणि हाइस्लर ही याच कुळातली इतर दोन. या दोघांत शाफ्ट मधोमध, पोटाखालून जातो. हाइस्लरमध्ये प्रत्येक बोगीचा बाहेरच्या टोकाचा अ‍ॅक्सल गिअरने फिरतो आणि आतला त्याला दांडीने जोडलेला असतो. बोगी म्हणजे इथे डबा नव्हे, चाकांची वळती चौकट.

सोलापूर जिल्ह्यातला माणूस असून बार्शी लाइटचं इंजिन का नाही ठेवलं, असं घरी येणारा प्रत्येक जण विचारतो. प्रश्न रास्त आहे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांची ७६२ मिलिमीटर गेजची ती रेल्वे १८९७ मध्ये कुर्डुवाडीजवळच्या बार्शी रोडपासून बार्शीपर्यंत सुरू झाली, आणि कुर्डुवाडीच्या फलाटावर ती छोटी गाडी पाहिलेली माणसं आजही आमच्याकडे आहेत. पण मला या दोन्हींत एकच विचार दिसतो. कॅलथ्रॉप यांनी दर अ‍ॅक्सलवरचं वजन पाच टनांत बसवून हलक्या रुळांवर गाडी चालवली. शे यांनी तसाच हलका रूळ डोळ्यांपुढे ठेवून प्रत्येक चाक ओढतं केलं.

दुरुस्ती करणाऱ्याने यातली एक गोष्ट घट्ट लक्षात ठेवावी. प्रत्येक चाक एकाच शाफ्टला बांधलेलं आहे, म्हणून एका अ‍ॅक्सलचा अडथळा सगळ्या इंजिनाला जाणवतो. आवाज पुढून आला म्हणून दोष पुढे असेलच असं नाही. कानाने जागा सापडत नाही, ठोक्यांच्या संख्येने सापडते.

आधी रुळावरचा संशय काढून टाका

हे काम पाच मिनिटांचं. रूळ आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि दुसरं एखादं नीट चालणारं इंजिन त्याच जागी चालवून पाहा. तुमचं इंजिन रुळाच्या एका ठरावीक जागीच अडखळत असेल तर तो रुळाचा सांधा आहे, इंजिनाला हात लावू नका. दिवा लुकलुकत असेल तर वीज पोचत नाही: चाकांच्या कडा आणि त्यांना टेकणाऱ्या पितळी पट्ट्या साफ करा. ही इंजिनं मुळातच सावकाश चालणारी, त्यामुळे चाकावरचा थोडासा काळा थरही त्यांना थांबवायला पुरतो. दिवा स्थिर आहे, मोटरचा आवाज सलग आहे आणि तरीही चाल अडखळते, असं दिसलं तरच पुढे जा.

ठोके मोजणे

अर्धा मीटर सरळ रूळ घ्या. एका चाकाच्या बाहेरच्या तोंडावर खाडाखोडीच्या पांढऱ्या पेनाने ठिपका द्या. शाफ्ट बाहेर दिसत असेल तर त्यावरही एक ठिपका. आता व्होल्टेज इतकं कमी ठेवा की इंजिन रांगेल. साध्या डीसीवर माझ्याकडे हे तीन ते चार व्होल्टला जमतं. खोलीतला पंखा बंद करा, आणि शेजारी माग चालू असतील तर रात्रीची वेळ धरा.

प्रत्येक ठोक्याला रुळाशेजारी खडूची खूण करत जा. दहा खुणा झाल्या की पहिल्या आणि शेवटच्या खुणेतलं अंतर मोजा आणि नऊने भागा. आता थोडं गणित. खऱ्या शे इंजिनाचं चाक ३६ इंचांचं धरलं, तर १:८७ प्रमाणात त्याचा व्यास सुमारे १०.५ मिलिमीटर येतो आणि घेर ३३ मिलिमीटर. ठोका दर ३३ मिलिमीटरला पडत असेल तर तो चाकाच्या फेऱ्याचा ठोका. समजा पिनियनला १२ दात आहेत आणि बेव्हलला २६, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यात शाफ्ट २.१७ फेरे घेतो. तेव्हा शाफ्टचा ठोका दर १५ मिलिमीटरच्या आसपास पडेल. तुमच्या इंजिनाचे दात आणि चाकाचा व्यास स्वतः मोजा. माझे आकडे फक्त रीत कळावी म्हणून आहेत.

चाकाच्या फेऱ्याला एक ठोका आला तर संशय अ‍ॅक्सलवरच्या गिअरवर: चीर, अडकलेला कचरा, किंवा अ‍ॅक्सलवर वाकडं बसलेलं चाक. शाफ्टच्या फेऱ्याला एक ठोका असेल तर पिनियन चिरलाय, घसरतोय किंवा शाफ्ट वाकलाय. शाफ्टच्या फेऱ्याला दोनदा हिसका बसत असेल तर युनिव्हर्सल जॉइंट, म्हणजे शाफ्टला कोनात वाकू देणारे सांधे, चुकीच्या कोनात जोडलेत. त्याबद्दल पुढे येईल. ठोका नाहीच, सलग किरकिर आहे, तर दात एकमेकांत फार घट्ट बसलेत किंवा मोटरलगतचा गिअर कोरडा पडलाय. आणि फक्त उतारावर इंजिन मागेपुढे धक्के खात असेल तर वर्म गिअरचा, म्हणजे मोटरने फिरणाऱ्या स्क्रूसारख्या गिअरचा, शाफ्ट लांबीच्या दिशेने हलतो आहे. उतारावर गाडीचं वजन वर्मला एकदा पुढे ढकलतं, एकदा मोकळं सोडतं. वर्मच्या दोन्ही टोकांना पातळ वॉशर घालून ही हालचाल जेमतेम जाणवेल इतकी कमी केली की धक्के थांबतात.

या कामाला काट्याचा मल्टिमीटर मला आकड्यांच्या मीटरपेक्षा फार उपयोगी वाटतो. तो मोटरच्या वाटेत, अँपिअरच्या मापावर जोडा. निरोगी इंजिनात काटा जवळजवळ स्थिर राहतो. चिरलेला गिअर असेल तर दर फेऱ्याला काटा एकदा उडी मारतो, आणि कानाला न ऐकू येणारा ठोकाही डोळ्यांना दिसतो. माझं शे निरोगी असताना ६ व्होल्टला ०.१५ अँपिअरच्या आसपास घेतं. चीर पडली होती तेव्हा काटा दर फेऱ्याला याच्या दुपटीपर्यंत जाऊन परत येत होता. तुमच्या इंजिनाचा आकडा वेगळा असेल, पण इंजिन चांगलं चालत असतानाच तो वहीत टिपून ठेवा. आजारपणात ताप मोजायचा तर एरवीचं अंगाचं तापमान माहीत असावं लागतं.

एक इशारा. वर्म असलेलं इंजिन बंद असताना हाताने रुळावर ढकलू नका. चाकांकडून वर्म उलटा फिरत नाही, आणि तो सगळा जोर प्लास्टिकच्या दातांवर येतो. लहान मुलं हे हमखास करतात, त्यांना आधीच प्रेमाने सांगून ठेवा.

भाग सोडवत जाणे

शे इंजिनाची मोठी सोय ही की त्याचा शाफ्ट मधल्या क्रँकपासून पुढे आणि मागे असा दोन बाजूंना जातो, आणि दोन्हीकडे चौकोनी दांडी चौकोनी नळीत सरकणारा जोड असतो. पुढच्या बोगीचा हा जोड बाहेर काढा आणि इंजिन चालवा. ठोका गेला तर दोष पुढच्या बोगीत. तसाच राहिला तर पुढचा जोड परत लावून मागचा सोडा. दोन्ही सोडूनही आवाज येत असेल तरच तो मोटर आणि मधल्या गिअरपेटीचा. माझ्या हाती आलेल्या इंजिनांत असं क्वचितच झालं; मूळ बहुतेक वेळा सगळ्यात टोकाच्या, अ‍ॅक्सलवरच्या गिअरपाशीच निघतं.

सोडवलेली बोगी हातात घ्या आणि तिचा शाफ्ट दोन बोटांत धरून अगदी हळू फिरवा. पूर्ण फेऱ्यात बोटांना कुठे घट्ट आणि कुठे मोकळं लागतं ते पाहा. बोटाला जे कळतं ते भिंगालाही कळत नाही. बोगीला तारा जोडलेल्या असतात, त्या लोंबकळत ठेवू नका. सोल्डरचा सांधा तुटला की नवाच बिघाड मागे लागतो.

क्लायमॅक्स आणि हाइस्लरमध्ये मधला शाफ्ट सोडवायला बहुधा बोगीचा मुख्य स्क्रू काढावा लागतो. हाइस्लरची जोडदांडीही काढून पाहा. दांडी काढल्यावर चाल सुधारली तर गिअर निर्दोष आहे. एकाच अ‍ॅक्सलवरची दोन चाकं, म्हणजे त्यांच्यावरचे दांडीचे खिळे, आपापसांतल्या ९० अंशांच्या कोनातून थोडी फिरलेली आहेत.

उघडताना

टेबलावर पांढरा कागद अंथरा. आपल्या गावात हाताशी टर्किश टॉवेल असतोच, आणि इंजिन उलटं ठेवायला तो मऊ म्हणून चांगलाही वाटतो. कृपया तो वापरू नका. टॉवेलचे फासे शिडीत, पायरीत, ब्रेकच्या दांडीत अडकतात आणि त्याचं तूस थेट गिअरमध्ये जातं. फोमच्या जाड तुकड्यात इंग्रजी व्ही अक्षरासारखी खाच कापा आणि त्यात इंजिन पालथं ठेवा.

हत्यारं घड्याळजींची आणि सराफांची: डोळ्याला लावायचं भिंग, बारीक चिमटा, नीट टोकाचे छोटे स्क्रू ड्रायव्हर, गोल बारीक कानस, भोक मोठं करायचा निमुळता ब्रोच. स्क्रू काढले त्या क्रमाने बर्फाच्या ट्रेच्या खणांत ठेवा. एकाच बोगीतले स्क्रूही वेगवेगळ्या लांबीचे असतात, आणि लांब स्क्रू आखूड जागी घातला तर तो थेट गिअरला टेकतो. प्रत्येक टप्प्याला मोबाइलवर फोटो घ्या, विशेषतः वॉशर कोणत्या बाजूला आहेत त्याचे. स्प्रिंग असलेला भाग पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत हात घालून उघडा, म्हणजे उडाली तरी ती पिशवीतच राहते.

चीर शोधणे

गिअरला चीर का पडते हे समजलं की ती कुठे शोधायची हेही कळतं. प्लास्टिकचा गिअर धातूच्या अ‍ॅक्सलवर दाबून बसवलेला असतो, म्हणजे त्याचं भोक अ‍ॅक्सलपेक्षा किंचित लहान असतं. इंजिन पेटीत पडून असलं तरी तो गिअर रात्रंदिवस ताणलेलाच राहतो. वर्षानुवर्षांच्या या ताणाने प्लास्टिक हार मानतं, तेही जिथे ते सगळ्यात पातळ असतं तिथे, दोन दातांमधल्या खोबणीत. चीर उघडली की त्या दोन दातांमधलं अंतर वाढतं. पिनियनचा दात तिथे आला की खोबणीत बसायच्या ऐवजी पुढच्या दाताच्या डोक्यावर चढतो. तोच तुम्ही मोजलेला ठोका.

गिअर अल्कोहोलने धुऊन कोरडा करा. पांढरा असेल तर फाउंटन पेनच्या शाईचा थेंब खोबणींत फिरवा आणि लगेच पुसा. शाई चिरेत ओढली जाते आणि बारीक रेघ उरते. काळ्या गिअरवर टाल्कम पावडर चोळून पुसा. चीर दिसली नाही तरी अ‍ॅक्सल एका हाताने घट्ट धरून गिअर पिळून पाहा. तो अ‍ॅक्सलवर जराही फिरला तर तो गेलेला आहे.

सुपरग्लूने चीर चिकटवायचा मोह होतो. असे गिअर बहुधा अ‍ॅसिटल नावाच्या गुळगुळीत प्लास्टिकचे किंवा नायलॉनचे असतात. अ‍ॅसिटलवर गोंद धरत नाही, आणि नायलॉनवर धरला तरी ताण जागच्या जागी असल्याने चीर पुन्हा उघडते. मधल्या काळात पातळ गोंद बेअरिंगमध्ये झिरपला तर अख्खी बोगीच वाया जाते. एक गिअर चिरला असेल तर त्याच्या जोडीचे सगळे बदला. ते एकाच वयाचे आणि एकाच ताणाखाली राहिलेले आहेत.

नवा गिअर बसवणे

मापं घेताना एक चूक फार होते: लोक चिरलेल्या गिअरचं भोक मोजतात. चिरेमुळे ते मोठं झालेलं असतं, बाहेरचा व्यासही फुगलेला असतो. भोकासाठी अ‍ॅक्सलची जाडी मोजा आणि बाहेरच्या व्यासासाठी त्याच इंजिनातला एखादा धड गिअर. सरळ दातांच्या गिअरचं मॉड्युल, म्हणजे दाताच्या आकाराचं माप, काढायला बाहेरच्या व्यासाला दातांच्या संख्येत दोन मिळवून भागा. १८ दात आणि ८ मिलिमीटर व्यास असेल तर ८ भागिले २०, म्हणजे ०.४. छंदाच्या वस्तू विकणाऱ्या दुकानांत मिळणाऱ्या गिअरच्या मिश्र पाकिटांत बरेचदा ०.५ मॉड्युलचे गिअर असतात. ते ०.४ च्या गिअरशी कितीही जुळतात असं वाटलं तरी जुळत नाहीत. बेव्हलला हे सूत्र लागू पडत नाही. तिथे दात, भोक आणि जोडीच्या पिनियनचे दात असं तिन्ही कळवून जोडीनेच मागवा. पितळेचे मिळाले तर थोडा आवाज वाढतो, पण मी ते आनंदाने घेतो.

चाक काढण्याआधी मल्टिमीटरने पाहा की कोणतं चाक अ‍ॅक्सलशी वीजजोडणीत आहे आणि कोणतं नाही. त्या बाजूला खूण करा. उलटं बसवलं तर रुळावर ठेवताक्षणी शॉर्ट होतो. चाक हातोडीने ठोकून काढू नका. छोटा पुलर वापरा, किंवा व्हाइसच्या जबड्यावर चाक टेकवून अ‍ॅक्सल पितळी सळईने सरळ दाबा.

नवा गिअर जुन्याइतका घट्ट बसवायचा नाही, नाहीतर काही वर्षांनी हाच लेख पुन्हा वाचावा लागेल. ब्रोच एकेक फेरा फिरवत भोक मोठं करा, दर फेऱ्याला अ‍ॅक्सल घालून पाहा. व्हाइसच्या हलक्या दाबाने सरकेल आणि बोटाने फिरणार नाही, इथे थांबा. भोक चुकून सैल झालं तर अ‍ॅक्सलचा तेवढा भाग कानशीने खरखरीत करा आणि बेअरिंग बसवायला वापरतात त्या लॉकटाइटसारख्या द्रवाचा टाचणीच्या टोकाएवढा ठिपका लावा. चोवीस तास हात लावू नका. हा द्रव इंजिनाच्या बॉडीच्या प्लास्टिकला लागू देऊ नका, त्याने ते तडकू शकतं.

चाकं परत बसवल्यावर त्यांच्यामधलं अंतर गेजने तपासा. एच.ओ. (१:८७) मापाचा रूळ १६.५ मिलिमीटरचा. चाक किंचित बाहेर राहिलं तर सांध्यावर इंजिन रुळावरून उतरतं, आणि मग दोष गिअरवर येतो.

दातांची जुळणी

इथे घाई करू नका, कारण इंजिन रेशमासारखं चालणार की दळत जाणार ते याच टप्प्यावर ठरतं. संक्रांतीला गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत घरात पतंगाचा कागद असतोच. त्याची अरुंद पट्टी पिनियन आणि गिअरच्या मध्ये घालून शाफ्ट फिरवा. पट्टीवर दातांच्या स्वच्छ घड्या उमटल्या आणि ती फाटली नाही, तर जुळणी बरोबर. फाटली तर दात फार जवळ आहेत. घड्या पुसट आल्या तर फार लांब.

शे इंजिनात एक गोष्ट सहज नजरेआड होते. अ‍ॅक्सल आडवा, डावीकडे-उजवीकडे जितका सरकतो, तितका बेव्हल पिनियनच्या जवळ-लांब जातो. सरळ रुळावर सगळं ठीक आणि वळणावर दात करकरत सुटतात, याचं कारण बरेचदा हेच. चाकाची पाठ आणि बेअरिंग यांच्या मध्ये पातळ वॉशर घालून हा सरक कमी करा. असे वॉशर मी नव्या शर्टाच्या कॉलरमधून निघणाऱ्या पारदर्शक पट्टीतून कापतो. गणवेश शिवणाऱ्यांच्या या गावात ती पट्टी मागितली तर मूठभर मिळते. आधी भोक पाडा, मग बाहेरची गोलाई कापा. उलट केलं तर वॉशर हातातून निसटतो. सरक अगदी शून्य करू नका, केसाएवढी जागा ठेवा, नाहीतर बोगी वळणावर आखडते.

वळणाचाच आणखी एक दोष ओळखून ठेवा. शाफ्ट इंजिनाच्या एका अंगाला असल्यामुळे, तो वळणाच्या बाहेरच्या बाजूला आला की सरकता जोड लांबतो आणि आतल्या बाजूला आला की आखडतो. बाहेरच्या बाजूला असताना ओढ जात असेल तर चौकोनी दांडी नळीतून सुटते आहे, म्हणजे वळण या इंजिनासाठी फार आखूड आहे. आतल्या बाजूला असताना अडत असेल तर दांडी नळीच्या तळाला टेकते आहे. नळीत साचलेलं जुनं ग्रीस आधी साफ करा. तेवढ्याने भागलं नाही तर दांडीच्या टोकाचा अर्धा मिलिमीटर कानशीने घासा, त्याहून जास्त नाही.

युनिव्हर्सल जॉइंटचा कोन

कोनात वाकलेला युनिव्हर्सल जॉइंट सारख्या वेगाने फिरत नाही. प्रत्येक फेऱ्यात तो दोनदा पुढे धावतो आणि दोनदा मागे राहतो. म्हणून मधल्या शाफ्टच्या दोन्ही टोकांना जॉइंट असतात: पहिल्याची चूक दुसरा उलट करून मिटवतो. हे जमायला मधल्या शाफ्टच्या दोन्ही टोकांचे काटे एकाच पातळीत हवेत. चौकोनी दांडी नळीत चार प्रकारे जाते. त्यातले दोन बरोबर, दोन ९० अंशांनी चुकीचे. चुकीच्या जोडणीत चुका मिटत नाहीत, उलट एकमेकींत मिसळून वाढतात, आणि इंजिन वळणावर लयीत हिसके देतं. "दुरुस्तीनंतर जास्तच बिघडलं" अशी तक्रार घेऊन कोणी आलं की मी आधी हेच पाहतो. दांडी बाहेर काढून पाव फेरा फिरवून परत घातली की काम झालं.

तेल, ग्रीस आणि आपली हवा

सगळं जुळल्यावर कोरडंच एकदा फिरवून पाहा. घट्टपणा ग्रीसखाली लपवू नका. मग गिअरच्या दातांना प्लास्टिकला चालणारं पांढरं ग्रीस, पण काडीच्या टोकावर मावेल इतकंच. बेअरिंगना प्लास्टिकला चालणारं हलकं तेल, सुईच्या टोकाने एक थेंब. मोटरच्या कम्युटेटरवर, म्हणजे ब्रश टेकतात त्या तांब्याच्या भागावर, तेल जाऊ देऊ नका. मागाचं तेल घरात असतं, पण ते इथे नको. ते जड आहे आणि तूस धरून ठेवतं. जुनं मेणासारखं झालेलं ग्रीस काढायला अल्कोहोल पुरतं, तरी रंगवलेल्या भागावर आधी कोपऱ्यात लावून पाहा. रॉकेल, पेट्रोल, थिनर यांनी बॉडीचं प्लास्टिक खराब होतं.

आता सोलापूरची खास अडचण. चादरी आणि टॉवेलच्या मागांचं तूस हवेत असतं, ते रुळांवर बसतं आणि चाकांबरोबर वर येऊन अ‍ॅक्सलभोवती गुंडाळतं. हे तूस वातीसारखं तेल शोषून घेतं, बेअरिंग कोरडं पडतं आणि मोटर जास्त वीज ओढू लागते. चिमट्याने ते ओढू नका, ओढलं की फास आवळतो. पात्याच्या टोकाने अ‍ॅक्सलला समांतर काप द्या, मग ते कडं अलगद सुटून येतं. मी दर महिन्याला प्रत्येक इंजिन पालथं करून उजेडाकडे धरतो. मागांच्या वस्तीपासून दूर राहणाऱ्यांना दोन-तीन महिन्यांतून एकदा पुरेल. रूळ वापरात नसतील तेव्हा सुती चादरीने झाकू नका, प्लास्टिकचा कागद घ्या.

एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या पुढे जातो, आणि पत्र्याखालच्या माळ्यावर त्याहून जास्त. ग्रीस पातळ होऊन चाकांवर उतरतं, तिथून रुळावर, आणि मग चढावर चाकं नुसती फिरतात. ताणलेले प्लास्टिकचे गिअरही उष्णतेने लवकर थकतात. उन्हाळ्यात इंजिनं खालच्या मजल्यावर, भिंतीतल्या कपाटात ठेवा. पंधरा दिवसांतून एकदा दहा मिनिटं दोन्ही दिशांना चालवली तर ग्रीस एका जागी बसून राहत नाही. पावसाळ्यात पेटीत सिलिका जेलच्या पुड्या टाका.

नव्या गिअरनंतरचं पहिलं धावणं अर्धा तास पुढे, अर्धा तास मागे, डबे न जोडता, निम्म्या वेगाने. नंतर काट्याचा मीटर पुन्हा लावा, आकडा वहीत लिहा, आणि तारीख, बदललेल्या गिअरचे दात आणि वॉशर कोणत्या बाजूला घातले ते एका चिठ्ठीवर लिहून ती चिठ्ठी इंजिनाच्या पेटीतच ठेवा.